थंड, स्वस्त आणि गप्प

४ मार्च, मंगळवार

आज मूत्रपिंडात रक्त शिरलं आणि तिथेच कॉम्प्युटर बंद पडला. सकाळपासून तिसऱ्यांदा.

डोकं फिरलं आहे, म्हणून लिहायला बसले. शाळेतली जीवशास्त्राची नोकरी सोडून मी घरी धडे बनवायला घेतले. शरीराच्या आत काय चालतं ते हलत्या चित्रांत दाखवायचं आणि वर माझ्या आवाजात समजावून सांगायचं. परिचारिकांना शिकवणाऱ्या एका संस्थेनं मूत्रपिंडाचा एक धडा नमुना म्हणून मागवला आहे. महिनाअखेर द्यायचा. आवडला तर पुढचं वर्षभराचं काम माझं. नाही आवडला तर शाळेत परत जायचं तोंड मी ठेवलेलं नाही, कारण निरोप समारंभात मी जरा जास्तच बोलले.

कॉम्प्युटर दादानं जमवून दिला. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. लिफ्ट तपासायची नोकरी करतो, आणि ज्या वस्तूला स्क्रू आहे ती आपल्या अखत्यारीत येते असं समजतो. प्रोसेसर मधल्या प्रतीचा घेतला आणि कारखान्यानं ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगानं पळायला लावला. याला ओव्हरक्लॉक म्हणतात. दादा याला 'फुकटचा वेग' म्हणतो. फुकट काही मिळत नसतं हे मी वर्गात ओरडून ओरडून सांगत आले आणि घरी विसरले. जास्त वेग म्हणजे जास्त उष्णता. खोक्यातून आलेला बारका पंखा ती उपसायला पुरत नाही. तापमान पंच्याण्णवच्या वर गेलं की मशीन जीव वाचवायला डोळे मिटतं.

दादाला फोन केला. बराच वेळ वाजू दिल्यावर उचलला. म्हणाला, मोठा कूलर बसवू. मी म्हटलं, "बसव. पण तीन गोष्टी. थंड ठेवणारा हवा, स्वस्त हवा आणि गप्प हवा."

"गच्च तर बसवायलाच लागतो," दादा म्हणाला. "सैल बसवून उपयोग काय?"

"गप्प, दादा. आवाज नको. याच खोलीत मी रेकॉर्डिंग करते."

"हो हो, ते मी बघतो."

काय बघतो देव जाणे. हा माणूस जन्मात कधी माझं धड ऐकणार नाही.

६ मार्च, गुरुवार

दादा संध्याकाळी ज्ञानाची पोतडी घेऊन आला. आधी पाण्यावर चालणारा कूलर हवा म्हणत होता. मी किंमत विचारली. मग हवेवर चालणाराच बरा असं त्याचं मत झालं. त्यात पुन्हा एका मनोऱ्याचे, दोन मनोऱ्यांचे. मनोरा म्हणजे तांब्याच्या नळ्यांवर रचलेली पातळ पत्र्यांची चळत. प्रोसेसरची उष्णता नळ्यांतून पत्र्यांत चढते आणि पंखा ती उडवून लावतो. मूत्रपिंडापेक्षा सोपं आहे. दादा मात्र अर्धा तास बोलला.

मी स्क्रीनवर काम करता करता विचारलं, "दादा, सरळ वेगच थोडा उतरवला तर?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं. हा आपला स्क्रू मोजत बसलाय. आपल्याला नको असलेल्या प्रश्नाकडे असं साफ दुर्लक्ष करायची कला मला आली असती तर मी मुख्याध्यापिका झाले असते.

तो गेल्यावर नवरा म्हणाला, "तुझ्या भावाला मी चहात साखर किती, असं विचारलं. 'चालेल' म्हणाला."

"लक्ष नसतं त्याचं," मी म्हटलं.

८ मार्च, शनिवार

दादा दुकानातून फोनवर. "तुझ्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये उंचीला जागा किती? पट्टीनं मोज."

मी उघडून मोजलं. "पंधरा सेंटिमीटर. त्याच्या वर एक रेघही नको."

"बरं. मग फर्स्ट क्लास मिळतोय. भाव पण उतरवलाय."

या घरात शेवटी एक तरी काम मार्गी लागलं.

९ मार्च, रविवार

मार्गी कसलं लागतंय.

दादानं सकाळी येऊन जुना पंखा काढला, प्रोसेसर पुसला, वर उष्णता वाहून नेणारी पांढरी पेस्ट लावली, नवा मनोरा चढवला, चारही स्क्रू आवळले. तासभर मान मोडून काम केलं, खोटं का बोलू. मग कॅबिनेटची बाजूची काच लावायला गेला तर काच लागेना. मनोरा बाहेर डोकावतोय. खोक्यावर बघितलं तर उंची जवळजवळ सतरा.

"मी पंधरा सांगितलं होतं."

"सतरा म्हणालीस तू."

"दादा, पट्टी हातात धरून सांगितलं. पंधरा."

"सतरा. मी दुकानदाराला तिथल्या तिथे सांगितलं, सतरा. विचार त्याला."

दुकानदाराला काय विचारणार, त्याला दादानं सतराच सांगितलं असणार. तरी मी फोन केला. तो म्हणाला, पेस्ट लागलेला माल आम्ही परत घेत नाही, बाई. आता काच काढून मशीन उघडंच चालवायचं, असा दादाचा तोडगा आहे. "हवा जास्त मिळेल," म्हणाला. हवा मिळेल, धूळ मिळेल, एखादी पालही मिळेल.

सतरा म्हणे. माझा आयुष्यात कधी आकडा चुकलेला नाही.

१२ मार्च, बुधवार

एक मान्य करते. मशीन बंद पडत नाही. सबंध मूत्रपिंड एका दमात तयार झालं आणि तापमान सत्तरच्या आसपास राहिलं. थंड आहे. स्वस्त आहे.

पण शिट्टी वाजते.

पंखा जोरात फिरला की एक बारीक, धारदार, न थांबणारी शिट्टी येते. दाताच्या डॉक्टरकडे शेजारच्या खोलीत यंत्र चालू असावं तशी. दहा मिनिटांत माझ्या कपाळाच्या आत जाऊन बसते. नवरा औषधांच्या दुकानातून दमून येतो, त्याला दारातूनच ऐकू आली.

दादाला बोलावून घेतलं. तो कॅबिनेटजवळ वाकला, हात ठेवला, डोळे मिटले. दवाखान्यात नाडी बघतात तसा.

"कसली शिट्टी? पंखा लोण्यासारखा फिरतोय."

"दादा, आत्ता वाजतेय. आत्ता."

"तुझा भ्रम आहे. दिवसभर एकटी बसतेस खोलीत, आवाज होतात मग कानात."

मी नवऱ्याला साक्षीला बोलावलं. तो म्हणाला, येते शिट्टी. दादा आम्हा दोघांकडे बघून हसला. "तुम्ही नवरा-बायकोनं ठरवूनच ठेवलंय." आणि जाता जाता मला सुनावलं, की मशीनचा आवाज ओळखणं हा त्याचा धंदा आहे, लिफ्टच्या नुसत्या कुरकुरीवरून कुठलं चाक झिजलंय ते तो सांगतो, आणि मी त्याला पंखा शिकवू नये.

अहंकाराला औषध नाही.

१४ मार्च, शुक्रवार

आज हद्द झाली. दादा, निव्वळ माझं तोंड बंद करायला, पंख्याला तेल द्यायला आला होता. मी त्याला आत बसवून बाजारात गेले, किल्ली घरातच विसरले. परत येऊन बेल वाजवली. वाजवली, वाजवली, बोट पांढरं झालं. आत बेल किंचाळतेय ती मला जिन्यात ऐकू येतेय. शेजारीण बाहेर आली. समोरच्यांचं कुत्रं भुंकायला लागलं. दादा ढिम्म. शेवटी मी दार दोन्ही हातांनी धडाधड बडवलं, तेव्हा उघडलं.

"बेल वाजवायची ना," दादा म्हणाला.

मी म्हटलं, पाच मिनिटं तेच करतेय. तो म्हणाला, "म्हणजे बेल बिघडली." आणि स्टूल घेऊन बेल खोलायला बसला. तारा साफ केल्या, पुन्हा जोडल्या. मग मला दाबायला लावली. ती आधी वाजत होती तश्शीच वाजली. मी म्हटलं, "वाजतेय." दादा समाधानानं खाली उतरला. "बघ, झाली ना दुरुस्त?"

माझ्या भावाला चांगल्या वस्तू दुरुस्त करायची खोड लागली आहे.

१७ मार्च, सोमवार

धड्याची पहिली तीन मिनिटं संस्थेला पाठवली होती. तिथल्या बाईंचा आज फोन आला. गोड आवाजात म्हणाल्या, "चित्रं फार सुंदर आहेत. समजावलंयही छान. फक्त एक विचारू का, तुमच्या खोलीत डास आहे का?"

मी म्हटलं, नाही, कूलर आहे.

"असं आहे का? सुरुवातीपासून शेवटपर्यंत कानाशी गुणगुणतो. विद्यार्थिनी हेडफोन लावून ऐकतील ना. तेवढं काढून मिळालं तर बरं होईल. तीस तारखेच्या आत."

रेकॉर्डिंग करताना मशीन बंद ठेवता येत नाही, आवाज त्याच्यातच साठतो. मोबाइलवर करून बघितलं, ते डब्यात बसून बोलल्यासारखं आलं. बाथरूममध्ये करून बघितलं. मूत्रपिंडाचा धडा बाथरूममध्ये, म्हणजे औचित्य होतं, पण शेजारच्यांनी नळ सोडला.

१८ मार्च, मंगळवार

वहिनीचा फोन. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, "तुझ्याकडे आले की हे बोलतात का गं?"

"बोलतो का? तोंड बंद होत नाही. समोरच्याला मध्ये शिरायला फट ठेवत नाही."

"घरी तर गप्प असतात हल्ली. काही विचारलं की हसतात, मान हलवतात, उठून जातात. पाहुणे आले की गॅलरीत. टीव्हीपुढे बसतात तो मात्र एवढा मोठा करून, की मला स्वयंपाकघराचं दार लावावं लागतं."

मला कळलं. सगळ्या संध्याकाळी तो माझ्याकडे घालवतो याचा वहिनीला राग आलाय, सरळ बोलवत नाही म्हणून टीव्हीवर घालतेय. मी म्हटलं, "वहिनी, कूलरचं एकदा मिटू दे, मग तुमचा नवरा तुम्हाला परत."

ती म्हणाली, "तसं नाही गं." आणि फोन ठेवला. आता हिचीही समजूत काढायची.

२० मार्च, गुरुवार

आज जे झालं ते लिहावंसं वाटत नाही, पण लिहिते.

दादा संध्याकाळी आला तोच तणतणत. एका इमारतीच्या लोकांनी त्याच्या साहेबांकडे तक्रार केली आहे. लिफ्ट पंधरवडाभर किंचाळत होती, दादानं दोनदा तपासून 'ठीक' असं लिहून दिलं, आणि परवा ती दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांना काही झालं नाही, पण बाहेर काढेपर्यंत घाबरून अर्धे झाले. साहेबांनी दादाला सगळ्यांसमोर विचारलं, तुम्हाला किंचाळणं ऐकू कसं आलं नाही?

"लोकांना भ्रम होतात," दादा म्हणाला. "तुला होतात तसे. शिट्टी म्हणे."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. डासाचं बोलणं मी तीन दिवस गिळून होते. म्हटलं, ये इकडे. आज भ्रम कुणाचा ते ठरवून टाकू.

मी रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम उघडला. त्यात आवाजाचं चित्र उमटतं, खालच्या अंगाला जाड आवाज, वरच्या अंगाला बारीक. माइक कॅबिनेटसमोर ठेवला. पडद्यावर वरच्या बाजूला एक पिवळीजर्द रेघ उमटायला लागली, फूटपट्टीनं मारल्यासारखी सरळ.

"ही बघ तुझी लोण्यासारखी शिट्टी. आता पंख्याची वायर काढ."

त्यानं काढली. रेघ तुटली.

"लाव."

लावली. पंखा फिरला, रेघ परत आली.

मी जिंकले होते. काय काय बोलायचं ते तीन दिवस ठरवून ठेवलं होतं, ते बोलायला तोंड उघडलं आणि बघितलं तर दादा माझ्याकडे बघतच नव्हता. त्यानं पुन्हा वायर काढली. पुन्हा लावली. पुन्हा काढली. दरवेळी तो आधी कान कॅबिनेटकडे करायचा, थांबायचा, आणि मग पडद्याकडे बघायचा. रेघ आहे की नाही ते.

"हे तुला ऐकू येतं?" त्यानं विचारलं.

"येतं."

"आत्ता?"

"आत्ता."

"आणि त्याला? तुझ्या नवऱ्याला?"

मी मान डोलावली. त्यानं वायर नीट लावली, पेचकस पिशवीत टाकला, आणि "उशीर झाला" म्हणून निघून गेला. चहा तसाच राहिला. उशीर काही झालेला नव्हता.

२२ मार्च, शनिवार

दादा आला नाही. काल सात-आठ फोन केले, उचलला नाही. मी नवऱ्याला म्हटलं, "रुसून बसलाय. साठीला आला तरी हरणं सहन होत नाही."

नवरा पेपर बाजूला ठेवून म्हणाला, "त्याला फोनची घंटा तरी ऐकू येत असेल का?"

मी म्हटलं, "म्हणजे?" तो म्हणाला, "मला वाटलं तुला माहीत आहे."

पंधरा आणि सतरा. मी मोठ्यानं म्हणून बघितलं. तोंडासमोर हात धरून म्हटलं. शेवटचा 'रा' तेवढा सारखा ऐकू येतो. बाकीचं बारीक आहे, वरचं. कानाचा धडा मी इतकी वर्षं शिकवला. वरचे आवाज आधी जातात, शब्दांची टोकं जातात, माणसाला वाटतं की जगच पुटपुटायला लागलंय. परीक्षेत हा प्रश्न मी कायम घालायचे.

माझा स्वतःवरच इतका संताप झालाय की कुणाशी बोलायची सोय नाही.

२३ मार्च, रविवार

दादाकडे गेले. वहिनीनं दार उघडलं. मी म्हटलं, "वहिनी, मला सरळ सांगायचं होतंत."

"काय सांगणार? एकदा म्हटलं, कान दाखवून या, तर आठवडाभर जेवताना समोर बसले नाहीत. मला वाटलं तू बहीण आहेस, तुझ्या लक्षात येईल. तू कूलर कूलर करत बसलीस."

ऐकून घेतलं. ऐकण्यासारखंच होतं.

दादा गॅलरीत पाठमोरा बसला होता. मी हाक मारली. मग समोर जाऊन उभी राहिले, तेव्हा त्यानं बघितलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दोन-तीन वर्षं असतील. आधी वाटलं मळ आहे. मग वाटलं, लोक नीट बोलत नाहीत हल्ली. मोबाइलवर बोलून बोलून सगळ्यांना पुटपुटायची सवय लागलीय." मग म्हणाला, "मला तळहातानं कळतं. मोटरवर हात ठेवला की बरोबर कळतं काय बिघडलंय. बहुतेक वेळा."

"बहुतेक?"

त्यानं तळहात उलटा करून बघितला.

"दादा, लिफ्टमध्ये माणसं असतात."

"ते तू मला सांगू नकोस," तो एकदम मोठ्यानं म्हणाला, आणि लगेच आवाज पडला. "त्या म्हाताऱ्याला मीच बाहेर काढला. हात धरून. तो मला काहीतरी सांगत होता, सारखं तेच तेच. मला कळेना. मी आपला हो हो म्हणत होतो. नंतर त्याची सून म्हणाली, ते विचारत होते, 'माझा चष्मा आत पडलाय, देता का?' मी हो म्हणून त्याला बिनचष्म्याचा जिन्यावरून चालवत खाली आणला."

वहिनी दारात उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला होता. मला वाटलं रडते. जवळ जाऊन बघितलं तर रागावली होती. मी म्हटलं, मंगळवारी आपण कान दाखवायला जातोय. दादा म्हणाला, "बुधवारी? बुधवारी मला जमेल." मी बोट तांब्यातल्या पाण्यात बुडवून कठड्यावर लिहिलं, मंगळवार. तो वाचून हसला. बऱ्याच दिवसांनी खरं हसला.

२५ मार्च, मंगळवार

काचेच्या खोलीत दादाला बसवलं, कानांवर जाडजूड हेडफोन. आवाज आला की बोट वर करायचं. तपासणाऱ्या बाई बाहेर यंत्रापाशी, मी त्यांच्या मागे खुर्चीत.

सुरुवातीला बोट भराभर वर गेलं. मग सावकाश. मग थांबलं. बाई कळ दाबतायत, बटण फिरवतायत, पुन्हा दाबतायत, आणि दादा भिंतीकडे बघत ताठ बसलेला, पाठांतर विसरलेल्या मुलासारखा. मध्येच एकदा त्यानं बोट वर केलं. बाईंचा हात तेव्हा कळीवर नव्हता.

दोन्ही कानांचे वरचे आवाज गेले आहेत. इतकी वर्षं मोटरांच्या खोल्यांत काढली त्याचा प्रसाद. गेलेलं परत येणार नाही, पण यंत्रं लावली की बरंच कळेल. ती बनून यायला वेळ लागणार आहे. बाईंनी दादाला समोर बसवून, तोंडाकडे बघायला लावून हे सगळं सांगितलं, आणि त्याला पहिल्या फटक्यात सगळं समजलं. मी ते बघत होते.

रस्त्यात म्हणाला, "साहेबांना सांगावं लागेल."

"मी येऊ का बरोबर?"

"नको. बहिणीला घेऊन आला म्हणतील."

२७ मार्च, गुरुवार

साहेबांना सांगून आला. नोकरी गेली नाही. कानाची यंत्रं येईपर्यंत तपासणी बंद आणि ऑफिसात टेबलावर काम. काम कुठलं, तर तक्रारींचे फोन घ्यायचे. काय बोलावं या लोकांना? दादा म्हणाला, "मी त्यांना म्हटलं, साहेब, मी आत्ता काय सांगितलं ते तुम्हालाच ऐकू आलेलं दिसत नाही." मग त्यांनी फाइली दिल्या.

तिथून आम्ही दोघं कूलरच्या दुकानात गेलो. धड्याला तीन दिवस राहिले आहेत आणि खोलीत डास तसाच आहे. दुकानदारानं दादाला ओळखलं, पेस्ट लागलेला माल परत करायला आलेत असं वाटून आधीच मान हलवायला लागला.

दादानं काउंटरवर दोन्ही हात टेकले. "नवा घ्यायचाय. पंधरा सेंटिमीटरच्या आत बसेल असा, एका मनोऱ्याचा, बेताच्या किमतीचा. आणि पंखे आम्हाला चालवून दाखवा." दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. "मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. ही ऐकेल."

इतक्या सहज म्हणाला, जशी काही माझी नेमणूक कधीची झाली होती. मला उगाचच पर्समध्ये काहीतरी शोधावं लागलं.

दुकानदारानं तीन कूलर काढले. एकेक पंखा वायरीला जोडून फिरवला. मी डोळे मिटून ऐकलं. पहिल्याची शिट्टी नव्हती पण घरघर होती. दुसरा चांगला होता, पण किंमत ऐकून मी डोळे उघडले. तिसरा बुटका, चार नळ्यांचा, दिसायला अगदी साधा, आणि फिरताना नुसता श्वास घेतल्यासारखा. दादानं त्याच्या चौकटीवर बोटं ठेवली, मग माझ्याकडे बघितलं.

"हा," मी म्हटलं, त्याच्याकडे तोंड करून.

"हा," तो दुकानदाराला म्हणाला.

२८ मार्च, शुक्रवार

बसला. काच लागली. पण पूर्ण वेगानं हा बुटका कूलर सत्त्याऐंशीपर्यंत चढतो आणि मग त्याचाही श्वास वाढतो. दादा विचार करून म्हणाला, "वेग थोडा उतरवू. अगदी थोडा. तापमान बरंच खाली येतं, कामाला थोडी मिनिटं जास्त लागतात इतकंच."

"हे मी तुला पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं."

"नाही विचारलंस."

"दोनदा विचारलं. तू स्क्रू मोजत होतास."

"तू कुठे होतीस?"

"इथेच. काम करत होते."

"म्हणजे माझ्याकडे पाठ करून," दादा म्हणाला. चिडून नाही, आकडा सांगावा तसा.

वेग उतरवला. अडुसष्टवर येऊन थांबला. संध्याकाळी पूर्ण धडा रेकॉर्ड करून पाठवला.

३१ मार्च, सोमवार

संस्थेच्या बाईंचा फोन. डास गेला म्हणाल्या. धडा वरिष्ठांना दाखवला आहे, त्यांना आवडला आहे, पुढच्या महिन्यात फुप्फुसं आणि हृदय एकदमच हवं आहे. एकदमच. या लोकांना वाटतं मी ती फ्रीजमध्ये ठेवते.

दादा-वहिनी दोघंही आली होती. जेवताना वहिनी दादाच्या समोर बसली आणि तो तिच्या तोंडाकडे बघत जेवला. ती त्याला शेजारणीच्या जावयाची अख्खी हकिकत सांगत होती, रेंगाळत, एकही तपशील न गाळता. दादानं मध्ये दोन प्रश्नही विचारले. वहिनीचं जेवण गार होऊन गेलं.

जेवण झाल्यावर मी सगळ्यांना कामाला लावलं आणि माझं टेबल फिरवून घेतलं. इतके दिवस ते भिंतीला लागून होतं. आता मी बसते ते दाराकडे तोंड करून, आत येणारा माणूस समोर दिसतो. नवरा म्हणाला, खिडकीचा उजेड स्क्रीनवर पडेल. पडतोच आहे. दादा म्हणाला, टेबल हलवायचं तर सगळ्या वायरी काढून पुन्हा लावाव्या लागतील. त्या काढल्या, आणि लावताना दोघा पुरुषांचे तीन वाद झाले. संध्याकाळ त्यात गेली. सगळं लावून एक वायर उरली आहे. ती कशाची हे दादाला सांगता येत नाही, नवऱ्याला सांगता येत नाही, आणि मशीन तर तिच्याशिवाय चाललं आहे.